ऋण काढून सण नको



आज आपण दिवाळीबद्दल बोलू. दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच गडबड. भिंतीला चुना, अंगणात सडा, चुलीवर कढई, दारात कंदील. लेकी माहेरी येणार. पाहुणे येणार. कोणाला आनंद होत नाही? आम्हालाही होतो. एवढे वय झाले, तरी पहिली पणती लागली की अजून मन लहान होते.

पण प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की त्याला याच दिवसांत झोप येत नाही. तो म्हणजे घर चालवणारा माणूस. कधी तो बाप असतो, कधी आई असते. अंधारात पडल्या पडल्या तो आकडे मांडीत असतो. कपड्यांना किती लागतील? तेलाला किती? जावयाला काय घालायचे? मग सकाळी उठून तो कोणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. म्हणतो, "दिवाळीपुरते द्या. सुगी झाली की देतो."

आपल्या जुन्या माणसांनी या गोष्टीची म्हण करून ठेवली आहे, 'ऋण काढून सण करणे'. ही म्हण कोणाची शाबासकी करायला वापरीत नाहीत. चूक दाखवायला वापरतात. तरी ती चूक आपण करतोच. आमच्याही घरात ती झाली. आधी ती हकिगत सांगतो. मग घर कसे सजवावे, फराळ कसा करावा, पाहुण्याचे कसे करावे, हे बोलू.

१. आमच्या घरची गोष्ट

१९७९ सालची दिवाळी होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावई घरी येणार. त्याला काहीतरी सोन्याचे घातले पाहिजे, असे जो तो म्हणू लागला. वडिलांच्या मनाने घेतले, की अंगठी घालायची. हातात पैसा नव्हता. पीक अजून घरात यायचे होते.

वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. आम्ही नुकतेच मॅट्रिक झालो होतो. गावात व्याजाने पैसे देणारे एक गृहस्थ होते. ते वसुबारसेच्या दिवशी आमच्या ओसरीवर आले. वडिलांनी ६०० रुपये मागितले होते. त्यांनी नोटा मोजून दिल्या आणि एक कागद पुढे केला. आम्ही तिथेच बसून आकाशकंदिलाला कागद चिकटवीत होतो. वडिलांनी एकदा आमच्याकडे पाहिले. आम्हाला वाटले, मोठ्या माणसाचा कागद हातात घेऊन वाचायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. चार माणसे बसलेली. आम्ही मान खाली घातली आणि खळ लावीत राहिलो. वडिलांनी अंगठा उठवला.

दिवाळी थाटात झाली. जावयाच्या बोटात अंगठी आली. लोक म्हणाले, "वा! सण करावा तर असा."

पुढे पाच महिन्यांनी, शिमगा झाल्यावर, ते गृहस्थ कागद घेऊन आले. त्या दिवशी आम्ही तो कागद वाचला. ६०० च्या जागी ८०० रुपये लिहिले होते. वडील समजत होते, व्याज महिन्याला शेकडा ३. कागदावर होते शेकडा ५. आता तुम्हीच हिशेब मांडा. ८०० रुपयांवर शेकडा ५ म्हणजे महिन्याला ४० रुपये. पाच महिन्यांचे झाले २००. मुद्दल ८०० आणि व्याज २००, मिळून १,००० रुपये. हातात आले होते ६००.

गाय विकावी लागली. वसुबारसेला, ज्या दिवशी अंगठा उठला त्याच दिवशी संध्याकाळी, आईने त्या गाईच्या पायावर पाणी घातले होते, तिला कुंकू लावले होते. तीच गाय. बाजाराच्या दिवशी वडिलांनी दावे सोडले, तेव्हा आई घराबाहेर आली नाही.

बहिणीला हे पुढे कळले. ती म्हणाली, "मला अंगठी हवी, असं कोणी सांगितलं होतं? माझ्या सासरच्यांनी मागितलीसुद्धा नव्हती. एकदा विचारायचं तरी!" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "अरे, तू तर शिकलेला ना? तू तिथंच होतास ना?"

या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. वडिलांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. आम्हाला येत होते आणि आम्ही वाचले नाही, हा आमचा दोष.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. फार मोठे काम केले आहे. पण वाचता येणे ही एक गोष्ट, आणि वेळेवर वाचणे ही दुसरी गोष्ट. दिवाळीत ही दुसरी गोष्ट करा.

२. आधी वही, मग बाजार

दिवाळीच्या आधी एक महिना घरातल्या सगळ्यांनी बसावे. बाईमाणसांनी बसावे, गडीमाणसांनी बसावे, शाळेतल्या मुलांनीही बसावे. एक वही घ्यावी. तिच्यात चार पाने करावीत. पहिल्या पानावर घर, दुसऱ्यावर फराळ, तिसऱ्यावर कपडे, चौथ्यावर पाहुणे आणि ओवाळणी.

प्रत्येक पानावर सामान लिहावे. किती हवे ते लिहावे. घरात काय आहे आणि काय आणायचे आहे, तेही लिहावे. उदाहरणार्थ:

तांदूळ २ किलो. घरात आहे.
गूळ १ किलो. घरात आहे.
हरभऱ्याची डाळ १ किलो. आणायची.
शेंगदाणे १ किलो. घरचे आहेत.
तेल ३ किलो. आणायचे.

असे लिहिले की एक गंमत दिसते. निम्मे सामान घरातच असते! बाजारात गेल्यावर ते आठवत नाही. दुकानदाराने पुढे ठेवले ते आपण घेऊन येतो.

मग जे आणायचे, त्याची किंमत लिहावी आणि बेरीज करावी. हातात पैसे किती, ते खाली लिहावे. बेरीज जास्त झाली तर काय करायचे? पैसे वाढवायला सावकाराकडे जायचे? नाही. यादी कमी करायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते असे.

पुढच्या दिवाळीची तयारी संक्रांतीला सुरू करावी. संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत साधारण ४० आठवडे असतात. आठवड्याला ५० रुपये बाजूला टाकले तर ४० आठवड्यांचे २,००० रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचे. पैसे घरात राहत नसतील तर बायकांच्या बचत गटात ठेवावेत.

आता हप्त्याने वस्तू देणारे पुष्कळ झाले आहेत. दिवाळीत त्यांच्या जाहिराती फार. जाहिरातीत हप्ता मोठ्या अक्षरांत असतो. एकूण किंमत बारीक अक्षरांत असते. समजा, दुकानात एक वस्तू १५,००० रुपयांना रोख मिळते. हप्ता आहे महिन्याला १,००० रुपये, आणि महिने आहेत १८. गुणाकार करा. १८,००० झाले. म्हणजे ३,००० जास्त गेले. हा गुणाकार दुकानाच्या पायरीवर करावा, घरी आल्यावर नव्हे.

मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देतो म्हणणारेही आहेत. आपले फोटो आणि ओळखीच्या लोकांचे नंबर ते मागून घेतात. हप्ता चुकला की काही जण त्याच लोकांना फोन करून आपली अब्रू काढतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आजारपण आले, बी-बियाणे घ्यायचे आहे, अशा वेळी कर्ज काढावे लागते. ते आम्हाला कळते. तेव्हा बँक किंवा सोसायटी आधी पाहावी. सावकाराकडेच जावे लागले तर त्याला परवाना आहे का ते विचारावे. सावकारीवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्रात २०१४ साली झाला आहे. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठाही देऊ नये. लिहिलेला कागद स्वतः वाचावा. अडले तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. आकडा आकड्यातही पाहावा आणि अक्षरातही पाहावा. कोणी म्हणेल, "माझ्यावर विश्वास नाही का?" त्याला हसून म्हणावे, "विश्वास आहे हो. पण नुकतंच शिकलोय, जरा वाचून बघतो."

३. घर सजते ते हातांनी

आता घराकडे वळू. सजावट म्हटले की आपल्याला बाजारातली प्लास्टिकची फुले आणि चकचकीत माळा आठवतात. पण आपल्या दिवाळीची सगळी सजावट मुळात घरची, शेतातली आणि मातीची आहे.

पहिली सजावट म्हणजे स्वच्छता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या केरसुणीची पूजा करतो, तिला लक्ष्मी म्हणतो. यात मोठा अर्थ आहे. जिथे केरसुणी फिरते तिथे लक्ष्मी येते, असे जुन्या लोकांना सांगायचे होते. म्हणून आधी अडगळ काढा. माळ्यावरची जळमटे झाडा. धान्याच्या कणग्यांमागे, लाकडांच्या ढिगात विंचू-साप असतात. तिथे हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. डबकी बुजवा, फुटकी मडकी आणि जुने टायर काढून टाका. त्यांतल्या पाण्यात डास होतात.

भिंतीला चुना द्यायचा असेल तर कळीचा चुना आदल्या दिवशी भिजत घाला. मातीच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुना पाण्यात पडला की उकळतो, उडतो. त्याच्यावर वाकून पाहू नका. मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर ताबडतोब पुष्कळ स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दवाखान्यात जा. दुसऱ्या दिवशी चुना फडक्यातून गाळून घ्या. त्यात थोडा डिंक भिजवून घाला, म्हणजे अंगाला लागत नाही. किंचित नीळ घातली की पांढरा रंग उजळ दिसतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत.

अंगणात सडा घालावा, सारवावे. फरशी असेल तर गेरूचा पट्टा ओढावा आणि त्यावर रांगोळी काढावी. लाल गेरूवर पांढरी रांगोळी किती शोभते! रांगोळी शिरगोळ्याच्या पुडीची किंवा तांदळाच्या पिठाची असावी. पिठाची असली तर मुंग्या आणि चिमण्याही दिवाळी करतात. ठिपके मोजून काढायची रांगोळी मुलींना आणि मुलांनाही शिकवावी. ७ ठिपके ७ ओळी, ९ ठिपके ९ ओळी. तो एक गणिताचा धडाच आहे.

तोरणाला आंब्याचे डहाळे आणि झेंडू. झेंडू चार रोपे लावली तरी घरापुरता होतो. बी विकत आणायला नको. यंदाची सुकलेली फुले जपून ठेवावीत आणि पुढच्या पावसाळ्यात पेरावीत.

आकाशकंदील घरी करावा. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या तासून घ्याव्यात. दोऱ्याने बांधून सांगाडा करावा. पतंगी कागद कणकेच्या खळीने चिकटवावा. खाली झिरमिळ्या सोडाव्यात. आत लहान दिवा लावावा, आणि तो कागदाला टेकणार नाही असे पाहावे. मुलाने स्वतः केलेला कंदील थोडा वाकडा होतो. होऊ द्या. शेजारच्या विकतच्या कंदिलापेक्षा तोच मुलाला सरळ दिसतो!

मुलांना किल्ला करू द्या. दगड, माती, जुने पोते एवढे सामान पुरते. वर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-सहा दिवसांत हिरवळ उगवते. शिवाजी महाराज सिंहासनावर, खाली मावळे. हात मळतात, कपडे मळतात, पण मुले दिवसभर गुंतून राहतात. पाडव्याला आपल्याकडे कित्येक घरी शेणाचा बळीराजा आणि शेणाच्या गवळणी करतात. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणतात. शेतकऱ्याच्या राजाची पूजा शेणामातीनेच होते, ती विकतच्या वस्तूने होत नाही. हे ध्यानात ठेवावे.

४. फराळ बेताचा आणि ताजा

फराळाचे दहा प्रकार झालेच पाहिजेत, असे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. चार करा, पण नीट करा.

चकलीची भाजणी घरी करावी. एक सोपे प्रमाण सांगतो. तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, मूठभर धने आणि थोडे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत वाळवाव्यात. मग सगळे वेगवेगळे भाजून गिरणीतून दळून आणावे. पीठ भिजवताना तेलाचे मोहन बेताने घालावे. मोहन जास्त झाले तर चकली तेलात फुटते. कमी झाले तर कडक होते.

शंकरपाळ्याचे प्रमाण तर लक्षात ठेवायला फारच सोपे. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर. साखर विरघळेपर्यंत गरम करावे, मग निववावे. त्यात मावेल तेवढा मैदा घालावा. निम्मी कणीक घातली तरी चालते. मंद आचेवर तळावे.

चिवड्याला पातळ पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता आणि मिरची. लाडूला रवा किंवा बेसन. झाला की फराळ! गोडाला गूळ वापरला तरी दिवाळी कमी होत नाही.

तळताना जपावे. पदर खोचून घ्यावा. कढईचा कान वाटेत येऊ देऊ नये. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये. जाळ बंद करावा आणि कढईवर झाकण घालावे. तळून तळून काळे झालेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. ते पोटाला वाईट.

मिठाई विकत आणायची असेल तर डोळे उघडे ठेवावेत. दिवाळीत खव्याला मागणी फार, म्हणून भेसळही फार. सुटी मिठाई कोणत्या तारखेपर्यंत खावी, हे दुकानात ताटापाशी लिहावे, असा नियम अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याने १ ऑक्टोबर २०२० पासून केला. ती पाटी शोधा आणि वाचा. पाटी नसेल तर विचारा. बंद पुड्यावरही तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत छापलेली असते. तुम्हाला आता तारीख वाचता येते. हे शिक्षण इथे कामाला येते.

आणि एक गोष्ट गडीमाणसांना सांगतो. फराळ सगळे खातात, पण चुलीपुढे कोण बसते? आठ-आठ दिवस बाई धुरात बसते. सणाच्या दिवशी तिला डोळे उघडवत नाहीत. पीठ दळून आणणे, खोबरे किसणे, सोऱ्या दाबणे, भांडी घासणे, ही कामे पुरुषाच्या हाताला जड नाहीत. चकलीचा सोऱ्या दाबायला तर जोर लागतो. तिथे जोर दाखवा!

५. पाहुणा आला घरा

पाहुण्याला काय हवे असते? दाराशी हसून "या, बसा" म्हणणारे माणूस. हातपाय धुवायला पाणी. एक गुळाचा खडा आणि तांब्याभर थंड पाणी. स्वच्छ सतरंजी किंवा घोंगडी. एवढे झाले की निम्मा पाहुणचार झाला.

गोव्यात आणि कोकणात नरकचतुर्दशीला काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. गोव्यात पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात. मग अभ्यंगस्नान होते आणि घरोघरी पोहे होतात. दुधातले पोहे, ताकातले पोहे, गुळातले पोहे, फोडणीचे पोहे. शेजारीपाजारी एकमेकांकडे जाऊन ते खातात. नव्या भाताचे पोहे, घरचा गूळ, घरचा नारळ. शेतात जे पिकले तेच पाहुण्याच्या पानात. गरीब असो, श्रीमंत असो, पोहे तेच. मग कोणी कोणाला कमी लेखायचे?

आपल्याकडेही तसे करता येईल. वसुबारसेला आपण बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतोच ना? तीच पाहुण्याला प्रेमाने वाढा. आग्रह करावा, पण बळजबरी करू नये. एखाद्याला साखरेचा आजार असतो. तो नको म्हणाला तर त्याला चार चकल्या द्याव्यात, लाडू कोंबू नये.

पाहुणा म्हणजे केवळ नातेवाईक नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या मंडळींची दिवाळी पुष्कळदा कोपीत होते. आपल्या शिवारात अशी कोपी असेल तर तिथल्या मुलांना फराळाचे ताट पाठवा. गावात एकटे म्हातारे माणूस असेल तर त्याला घरी बोलवा.

आणि घरातल्याच कोणाला बाहेर ठेवू नका. नवरा गेलेल्या बाईने ओवाळायचे नाही, कुंकू लावायचे नाही, पुढे यायचे नाही, असे अजून काही घरांत चालते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की आमच्या गावात विधवांच्या या प्रथा बंद. ते आपल्यासारखेच गाव. त्यांना जमले. आपली आई, आपली बहीण, आपली सून दिवाळीच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहिली, तर बाहेरच्या दिव्यांचा काय उपयोग?

६. दिवाळसण आणि ओवाळणी

आता पुन्हा जावयाकडे येऊ. दिवाळसण जरूर करा. लेक-जावयाला बोलवा, उटणे लावून न्हाऊ घाला, गोडधोड करा. पण अंगठी, गाडी, मोबाईल यांवाचून सण होत नाही, असे मनात आणू नका. आधी लेकीला विचारा. आमच्या घरी तेवढे विचारले असते तर गाय राहिली असती.

सासरचे मागत असतील तर? लग्नाच्या संबंधाने मागितलेली वस्तू, मग ती लग्नाआधी मागितलेली असो की नंतर, हुंड्यातच मोडते. १९६१ सालच्या कायद्याने हुंडा घेणे, देणे आणि मागणे हा गुन्हा आहे. आणि तुम्ही जावई असाल तर आधीच सांगून टाका, "मामा, मला काही नको. जेवायला येतो." तो जावई गावात सगळ्यांत मोठा.

भाऊबिजेचेही तसेच. ओवाळणीत किती टाकले, याचा हिशेब बहीण ठेवीत नाही. भाऊ आला की नाही, याचा ठेवते. आमची बहीण आता सत्तरीकडे आली. अजून भाऊबिजेला येते. आम्ही ताटात दर वर्षी एक पुस्तक टाकतो. ती दर वर्षी हसून म्हणते, "आधी वाचून दाखव." आम्ही वाचतो. ती ऐकत बसते.

७. दिवा जपून लावा

पणतीचा सण आहे. तेव्हा विस्तवाला जपले पाहिजे. कडब्याच्या गंजीजवळ, गवताच्या छपराखाली, पडद्याजवळ पणती ठेवू नये. विजेच्या माळेची वायर तुटकी नसावी. खांबावर आकडा टाकून दिवे लावू नयेत. त्यात जीव जातो, आणि ती चोरीही आहे.

फटाके म्हणजे पैशाला काडी लावणे. तरी मुले ऐकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सांगितले, की दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० या वेळातच उडवावेत. मुलांजवळ मोठे माणूस असावे. पाण्याची बादली भरलेली असावी. अंगात सुती कपडे असावेत. न उडालेल्या फटाक्यावर वाकू नये. गोठ्यापासून लांब जावे, कारण मुके जनावर भिऊन दावे तोडते. भाजले तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. शाई, टूथपेस्ट, तूप असे काही लावू नये. जास्त भाजले असेल तर लगेच दवाखान्यात न्यावे.

८. शेवटची गोष्ट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी काय करतो? पाटावर नवी वही मांडतो. तिला हळदकुंकू लावतो. हिशेबाच्या वहीची पूजा करतो. आपण लाह्या-बत्तासे ठेवतो, केरसुणी ठेवतो, असतील ते पैसे ठेवतो. वही ठेवीत नाही. कारण आजवर आपल्या घरात वहीच नव्हती. आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत होता, आणि तो आपल्याला वाचता येत नव्हता.

या वर्षी तुमच्या पाटावर तुमची वही ठेवा. तीच वही, जिच्यात तुम्ही दिवाळीची यादी केली. अक्षर वाकडे असेल. असू द्या. बेरीज दोनदा खोडली असेल. असू द्या. पण ती तुमच्या हाताची आहे. तिच्यात कोणाचे देणे लिहिलेले नाही, एवढे मात्र पाहा. ज्या घरात देणे नाही, तिथे एक पणती लावली तरी उजेड पडतो.

सर्वांना दिवाळी सुखाची जावो. राम राम.